गेदर पकडायला जायचंय? आधी परतीचं ठरवा

ट्यूना म्हणजे आपल्या कोकणातला गेदर किंवा कुपा. तो पकडायला आम्ही नाशिकचे चार मित्र हर्णैला गेलो. एकाला पोहता येत नाही, म्हणून प्लॅनिंग परतीपासून सुरू केलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून डिसेंबर निवडला. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, हवामान खात्याचा इशारा बघणं, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर. पण खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे ना, हे आधीच विचारलं.

गेदर झुंडीने फिरतो. पाण्यावर पक्षी तुटून पडताना दिसले की तांडेल बोट तिकडे वळवतात. एक लागला! तो लगेच बर्फात टाकला. गेदर गरम राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

दुपारी वारा वाढला. तांडेल म्हणाले, "चला, फिरूया." आमच्यातला एकजण म्हणाला, "काका, अजून अर्धा तास?" पण तांडेलचा शब्द शेवटचा, हे नाशिकलाच ठरलं होतं. परतलो.

मासा एक, माणसं चार. मला हा हिशोब परवडतो. भेटू पुढच्या भागात!