एसएसडी किती टिकते? दीर्घ मुदतीच्या चाचण्या आणि आपले अभिलेख

(महसूल व शिक्षण खात्यांतील अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्यापुढे हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी काहीजण आज सकाळीच तारनाका भागातील राज्य अभिलेखागार पाहून आला आहात. तेथील सर्वांत जुना कागद बहमनी सुलतान फिरोजशहाच्या काळातील, इ. स. १४०६ चा आहे. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीचा. मराठवाडा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आपल्या जमिनीच्या, वतनाच्या आणि जातीच्या अनेक नोंदींचा माग घेत या शहरापर्यंत यावे लागते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींच्या शोधात हैदराबादेस आली होती, हे आपणांस ठाऊकच आहे. कोणा कारकुनाने काजळीच्या शाईने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न सोडवू शकते. तो कागद टिकला, म्हणूनच हे शक्य झाले.

आता अशा कागदांच्या प्रतिमा काढून संगणकात साठविण्याचे काम सर्वत्र चालू आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रतिमा ज्या वस्तूवर साठवितो ती किती दिवस टिकणार, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अलीकडे शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांतून फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची जागा एसएसडीने, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हने, घेतली आहे. ती वेगवान असते, आवाज करीत नाही, हातातून पडली तरी सहसा बिघडत नाही. तिच्या टिकाऊपणाच्या ज्या दीर्घ चाचण्या झाल्या, त्यांतून नेमके काय कळले आणि काय कळले नाही, हा माझा आजचा विषय.

प्रथम या वस्तूची अंतर्रचना थोडक्यात पाहू. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार पुढे आला आणि आजच्या एसएसडी त्यावरच आधारलेल्या आहेत. या स्मृतीत अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्पा म्हणजे आपल्याकडील धान्याचे पेव समजावे. पेवात ज्वारी भरून तोंड लिंपून टाकतात, तसे या कप्प्यात विद्युत्‌कण भरले जातात आणि सभोवतीचा विद्युत्‌रोधक थर त्यांना आत अडवून ठेवतो. वीज बंद केली तरी कण आतच राहतात. आपली माहिती जपली जाते ती याच युक्तीने.

पेवाला निदान तोंड तरी असते. या कप्प्याला तेही नाही. कण आत घालावयाचे वा बाहेर काढावयाचे तर ते त्या रोधक थरातूनच जोराने ढकलावे लागतात. प्रत्येक वेळी थराला किंचित इजा होते. हजारो वेळा भरणे-रिकामे करणे झाले की थर कमकुवत होतो व कण झिरपू लागतात. माहिती वाचल्याने कप्पा फारसा झिजत नाही. झिजतो तो लिहिल्याने व पुसल्याने.

आणखी एक बाब आहे. पूर्वी एका कप्प्यात ‘भरलेला’ किंवा ‘रिकामा’ एवढ्या दोनच खुणा असत, आणि असा कप्पा सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येई. स्वस्ताईसाठी पुढे एकाच कप्प्यात चार, मग आठ आणि आता सोळा पातळ्या मोजल्या जाऊ लागल्या. पेवात ज्वारी आहे की नाही एवढेच सांगावयाचे असेल तर थोडे धान्य किड्याने खाल्ले तरी उत्तर चुकत नाही. परंतु पायली, अधोली, चिपटे असा अचूक हिशेब ठेवावयाचा असेल तर मूठभर धान्याची घटही हिशेब बिघडविते. म्हणून आठ पातळ्यांच्या कप्प्याचे आयुष्य एक ते तीन हजार वेळा लिहिण्यापुरते, आणि सोळा पातळ्यांच्या कप्प्याचे बहुधा त्याहूनही कमी असते. या उणिवेवर मात करण्यासाठी एसएसडीत एक नियंत्रक बसविलेला असतो. एकाच कप्प्यावर भार पडू न देता तो लिखाण सर्वत्र वाटून देतो, चुका दुरुस्त करतो आणि निकामी झालेल्या भागाऐवजी राखीव भाग वापरात आणतो.

हे सारे प्रत्यक्षात कितपत चालते, याची सर्वांत गाजलेली चाचणी ‘द टेक रिपोर्ट’ या अमेरिकी प्रकाशनाने घेतली. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी बाजारातील सहा सामान्य एसएसडी घेतल्या. सॅमसंगच्या दोन, किंग्स्टनच्या दोन, इंटेलची एक आणि कोर्सेअरची एक. प्रत्येकीची क्षमता सुमारे अडीचशे गिगाबाइट. त्यांवर रात्रंदिवस लिहीत राहावयाचे, पुसावयाचे, पुन्हा लिहावयाचे, आणि शेवटची एसएसडी बंद पडेपर्यंत थांबावयाचे नाही, असा हा बेत होता. तो संपावयास मार्च २०१५ उजाडला.

निकाल पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. सातशे टेराबाइट लिखाण होईपर्यंत सहाही एसएसडी जिवंत होत्या. दोन तर दोन हजार टेराबाइटच्याही पलीकडे गेल्या आणि शेवटची, सॅमसंग ८४० प्रो, सुमारे चोवीसशे टेराबाइटवर थांबली. याचा अर्थ आपल्या हिशेबाने पाहू. एखाद्या कार्यालयात रोज वीस गिगाबाइट लिखाण होते असे मानले, तर वर्षाला साडेसात टेराबाइटदेखील होत नाही. सातशे टेराबाइट लिहावयास नव्वदहून अधिक वर्षे लागतील. अशा क्षमतेच्या अनेक एसएसडींना कंपन्या दीडशे टेराबाइटच्या आसपास लिखाणाची हमी देतात. तो आकडा धरला तरी वीस वर्षे होतात. तेव्हा ‘एसएसडी लिहून लिहून झिजेल’ ही जी भीती पुष्कळांच्या मनात असते, ती सामान्य वापरापुरती तरी सोडून द्यावयास हरकत नाही.

किंग्स्टनच्या दोन एसएसडींची गोष्ट मला विशेष बोधप्रद वाटते. दोन्ही एकाच जातीच्या. एकीवर दाबून लहान न होणारी माहिती लिहिली, ती ७२८ टेराबाइटवर संपली. दुसरीवर आकुंचन पावू शकेल अशी माहिती लिहिली, ती दोन हजार टेराबाइटच्या पुढे गेली. कारण तिचा नियंत्रक माहिती दाबून लिहीत होता. संगणकाने पाठविलेले लिखाण आणि कप्प्यांवर प्रत्यक्ष झालेले लिखाण या दोन गोष्टी एक नव्हेत.

तथापि या चाचणीतील माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग या मोठ्या आकड्यांत नाही. तो या एसएसडी कशा गेल्या यात आहे. इंटेलच्या एसएसडीने मर्यादा येताच लिहिणे नाकारले आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती दिसेनाशीच झाली. आठ पातळ्यांच्या कप्प्यांची सॅमसंग ८४० नऊशे टेराबाइट ओलांडून गेली खरी, पण तीनशेच्या सुमारासच तिच्यात दुरुस्त न होणाऱ्या चुका आढळल्या होत्या. कागदाला वाळवी लागली तर निदान अर्धे पान हाती राहते. एसएसडी गेली की बहुधा एकदम सगळीच जाते. आणि सहा नमुन्यांवरून सर्व एसएसडींविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे सहा कणसे पाहून तालुक्याची आणेवारी ठरविणेच होय, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मोठ्या प्रमाणावरील निरीक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. टोरांटो विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गूगलचे अभियंते यांनी गूगलच्या केंद्रांतील दहा प्रकारच्या एसएसडींची सहा वर्षांची माहिती तपासली. हार्ड डिस्कच्या मानाने एसएसडी बदलण्याची वेळ कमी येते, असे त्यांस दिसले. मात्र पहिल्या चार वर्षांत, प्रकारानुसार, वीस ते त्रेसष्ट टक्के एसएसडींत एकदा तरी दुरुस्त न होणारी चूक झाली होती. चुकांचा संबंध केवळ लिखाणाच्या प्रमाणाशी नव्हता. लिखाण कितीही झालेले असो, वस्तूचे वयदेखील स्वतंत्रपणे परिणाम करीत होते. महागड्या, दोनच पातळ्यांच्या एसएसडी अधिक विश्वसनीय ठरल्या, असेही आढळले नाही.

आता आपल्या कामाच्या प्रश्नाकडे वळतो. वरील चाचण्यांत एसएसडी बहुतेक काळ वीजपुरवठ्यावर होत्या. आपण मात्र प्रतिमा काढतो, एसएसडीवर भरतो, पाकिटावर नाव लिहितो आणि पाकीट कपाटात ठेवतो. आपल्याकडे झीज होते ती लिखाणाने नव्हे, स्वस्थ पडून राहण्याने.

या बाबतीत जेडेक या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१० मध्ये नियम ठरविला. सामान्य ग्राहकाच्या एसएसडीने, हमीचे सर्व लिखाण संपल्यानंतरही, वीज नसताना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकविली पाहिजे. मोठ्या संगणककेंद्रांसाठी बनविलेल्या एसएसडीला ४० अंशांत केवळ तीन महिन्यांची अट आहे. कारण ती सहसा बंद नसतेच. कंपन्या वर्षभर थांबत नाहीत. एसएसडी तापवून, उष्णतेने वेळ जणू आखडून, ही परीक्षा घेतात. उष्णता वाढली की कण लवकर झिरपतात. या मानकासोबतच्या कोष्टकानुसार साठवणीचे तापमान दर पाच अंशांनी वाढले की टिकण्याचा काळ ढोबळमानाने निम्मा होतो.

२०१५ मध्ये या कोष्टकावरून ‘एसएसडी काही दिवसांतच माहिती विसरते’ अशा बातम्या जगभर पसरल्या. त्या चुकीच्या होत्या. कोष्टक हमीचे आयुष्य पूर्ण भोगलेल्या एसएसडीसाठी आहे. नवीन, थोडी वापरलेली एसएसडी त्याहून पुष्कळ अधिक काळ माहिती जपते. पण नियमातील ३० अंश आणि आपल्याकडील मे महिना यांतील अंतर आपणांस सांगावयास नको. बाहेर पारा ४० च्या पुढे असताना पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाटात काय होत असेल याची कल्पना करावी.

माझ्या परिचयाच्या एका शाळेने प्रवेशाच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रतिमा अशाच एका स्वस्त एसएसडीवर ठेवल्या होत्या. दोन उन्हाळ्यांनंतर एका माजी विद्यार्थ्याला जन्मतारखेचा दाखला हवा होता. मी स्वतः तिला तीन संगणकांवर लावून पाहिले. नाव दिसे, पण धारिका उघडेनात. कारण उष्णता, सदोष नियंत्रक की आरंभापासूनच हलका माल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मूळ नोंदवह्या रद्दीत गेल्या नव्हत्या, म्हणून निभावले. शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीत बसून सर्व पाने पुन्हा टिपली. मुख्याध्यापक मला म्हणाले, “सर, दोन वर्षांत आम्ही एकदा जरी ती लावून पाहिली असती!” त्यांच्या या उद्गाराला मजजवळ उत्तर नव्हते.

‘लावून पाहणे’ म्हणजे काय, हे याच शहरालगत उत्तम रीतीने पाहावयास मिळते. पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग इत्यादींच्या लक्षाहून अधिक वाणांचे बी जपून ठेवले आहे. दीर्घ मुदतीचा साठा उणे २० अंशांत असतो. पण एवढी थंडी आहे म्हणून कोणी निश्चिंत बसत नाही. ठराविक वर्षांनी थोडे बी काढून त्याची उगवण पाहतात. उगवण घटू लागली की ते शेतात पेरून नवे बी तयार करतात व तेच साठ्यात ठेवतात. आपले शेतकरीही पेरणीपूर्वी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून तेच करतात. एसएसडीच्या बाबतीत पेरणी म्हणजे सर्व माहिती वाचणे आणि नव्याने लिहिणे. सॅमसंगच्या ८४० इव्हो या एसएसडीत २०१४ मध्ये जुनी माहिती फार संथपणे वाचली जाऊ लागली, तेव्हा कंपनीने पुढील वर्षी हाच मार्ग धरला. वीज चालू असताना नियंत्रकाने जुनी माहिती मधूनमधून पुन्हा लिहावी, अशी व्यवस्था तिने केली. कपाटातील बंद एसएसडीसाठी हे काम माणसासच करावे लागते.

म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, प्रत्येक एसएसडी संगणकास लावून सर्व धारिका अथपासून इतिपर्यंत वाचवून घ्याव्यात. नुसती यादी उघडून पाहणे पुरेसे नाही. प्रतिमा काढतानाच प्रत्येक धारिकेचा पडताळा-अंक काढून कागदावर छापून ठेवला, तर पुढे एक अक्षर बदलले तरी ते उघड होते. हे साधन विनामूल्य मिळते. एक प्रत एसएसडीवर असेल तर दुसरी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी असावी. खरेदीच्या वेळी किमतीबरोबर हमीचे टेराबाइट आणि वर्षे ही दोन्ही देयकावर लिहून घ्यावीत. आणि प्रतिमा निघाल्या म्हणून मूळ दप्तर रद्दीत काढू नये. येथील कागदांनी सहाशे वर्षे काढली आहेत. एसएसडीला अजून चाळीसही झाली नाहीत.

दिलेला वेळ संपत आला आहे. मी दोन वापरलेल्या एसएसडी आणि एक संगणक बरोबर आणला आहे. आजवर किती लिखाण झाले, किती राखीव भाग खर्ची पडला, याची नोंद एसएसडी स्वतःच ठेवते. ती कशी वाचावी हे मी मेजापाशी दाखवीन. ज्यांनी आपल्या कार्यालयाची वा शाळेची एसएसडी सोबत आणली असेल, त्यांनी ती अवश्य पुढे आणावी. आपण येथेच लावून पाहू.