धरणारे अंग, मारणारे अंग



पत्र्याने हात कापला की आमचा कामगार धनुर्वाताची सुई घेतो. त्या सुईत असते काय? विषच, पण दात पाडलेले!

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८९७ साली उपपत्ती मांडली. विषाच्या कणाला दोन अंगे : एक पेशीला धरते, दुसरे मारते. धरणाऱ्या अंगाला पुढे त्यांनी ‘हॅप्टोफोर’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘हॅप्टाइन’ म्हणजे जोडणे, ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. मारण्याची शक्ती गेली तरी धरणारे अंग उरते. त्यावरून शरीर प्रतिविष घडवायला शिकते.

या शिकण्याला दिवस लागतात. म्हणून जखमेनंतर डॉक्टरांकडे जाच. पण लस जखमेच्या आधी मिळणे, हा मजुराचा हक्क माना.