स्वभाव मुलाचा की आपल्या नजरेचा?

(परळ येथे वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेली मांडणी)

वस्तीत काम करताना एक वाक्य आपल्या कानावर रोज पडते : 'मुलग्याची जात, दांडगाई करणारच.' त्याचे जोडवाक्य : 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही.' म्हणजे स्वभाव जन्मासोबत येतो आणि तो मुलगा की मुलगी यावरून ठरतो, असे आपण धरून चालतो. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्याची मात्र तपासणी करायला हवी.

आधी खरा भाग घेऊ. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ पतिपत्नींनी शंभराहून अधिक बालकांचा तान्हेपणापासून अभ्यास सुरू केला आणि ती मोठी होईपर्यंत चालू ठेवला. मूल किती हालचाल करते, भूक-झोपेच्या वेळा ठरलेल्या आहेत का, नवे माणूस दिसले की पुढे येते की मागे सरते, बदल किती लवकर पचवते, अशा नऊ बाबी त्यांनी नोंदवल्या. सुमारे ४० टक्के मुले सहज जुळवून घेणारी निघाली, १० टक्के सांभाळायला अवघड, १५ टक्के हळूहळू मोकळी होणारी. उरलेली कोणत्याच गटात नीट बसली नाहीत. मुलाचे काही बिनसले की आईला दोषी धरायचे, अशी त्या काळी मानसोपचारात पद्धत होती. चेसबाईंनी त्याविरुद्ध स्पष्ट लिहिले. आपल्या केंद्रात 'माझेच काहीतरी चुकले' म्हणत येणाऱ्या आयांना हे जरूर सांगा.

त्यांचा दुसरा मुद्दा आपल्या अधिक कामाचा आहे. कोणताही स्वभाव मुळात वाईट नसतो. स्वभाव आणि परिस्थिती यांचा मेळ बसतो किंवा बसत नाही. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन कामगार कुटुंबांत 'मूल एका जागी बसत नाही' ही तक्रार त्यांना फार आढळली. घरे लहान होती आणि रस्त्याच्या भीतीने मुलांना आत ठेवले जाई. मोठ्या घरांतल्या मध्यमवर्गीय मुलांबाबत ही तक्रार क्वचितच होती. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केलेल्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता दुसरा भाग. सतत हालचाल लागणारी दोन मुले लालबागच्या एकाच चाळीत वाढताहेत, असे समजा. मुलगा गॅलरीतून धावतो, गल्लीत क्रिकेट खेळतो, गणपतीत रात्री उशिरापर्यंत मंडपात असतो. त्याला खोलीबाहेरची जागा मिळते, मेळ बसतो. मुलीला आठव्या-नवव्या वर्षापासून धाकटे भावंड, नळाचे पाणी, भांडी. पाळी आली की गॅलरीतही उभे राहायचे नाही. तिची तीच ऊर्जा मग 'पाय घरात ठरत नाही' होते आणि त्यातून स्थळे पाहण्याची घाई सुरू होते. स्वभाव एकच, एकाला मैदान, दुसरीला उंबरठा.

ही दोन नावे कुठून येतात? १९७६ साली अमेरिकेत काँड्री दांपत्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. डबीतून उसळी मारून बाहेर येणारे खेळणे पाहून रडणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळाची फिल्म त्यांनी लोकांना दाखवली. बाळ मुलगा आहे असे ज्यांना सांगितले, त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला. मुलगी सांगितले, त्यांना भीती. बाळ तेच, रडणेही तेच. २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधिकांनी रांगत्या बाळांच्या आयांना विचारले, तुमचे बाळ किती तीव्र उतारावरून उतरेल? मुलींच्या आयांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला, मुलग्यांच्या आयांचा जास्त. प्रत्यक्षात मुलगे-मुलींच्या कामगिरीत फरक नव्हता. बाळ अकरा महिन्यांचे, आणि आपला अविश्वास तयार!

मग मुलगे-मुलींच्या स्वभावात फरक नाहीच का? प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. २००६ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा स्वतःला आवरण्यात मुली बऱ्याच पुढे आणि हालचालीत मुलगे काहीसे पुढे दिसले. चिडचिडेपणात मात्र फरक जवळजवळ नव्हता. पण यातली बरीचशी मोजमापे आईवडील आणि शिक्षकांनी दिलेल्या माहितीवरच उभी आहेत, म्हणजे त्याच नजरेवर. आणि सरासरीवरून समोरच्या एका मुलीबद्दल काहीच ठरत नाही.

या नजरेची सर्वात मोठी किंमत गप्प मुले मोजतात. गप्प मुलगा 'बायल्या' ठरतो; गल्लीत मार खातो, घरी बापाचा पट्टा. गप्प मुलगी 'गुणाची पोर' ठरते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करा. जी पोर पूर्वी बडबड करायची आणि अचानक गप्प झाली, तिच्या गप्प बसण्यामागे घरातल्या किंवा शेजारच्या माणसाचा अत्याचार असू शकतो. 'आता मोठी झाली, शहाणी झाली' म्हणून आपण समाधान मानतो. भीतीला शालीनतेचे नाव दिले की तिची तक्रार आपणच बंद केलेली असते.

हे बदलता येते, याचा पुरावा याच शहरात आहे. २००८ पासून मुंबईतल्या ४५ महापालिका शाळांत कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन यांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत लिंगभाव, शरीर आणि हिंसा या विषयांवर वर्ग घेतले. काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या होत्या. जिथे वर्ग झाले, तिथे मुलीचे लग्न लवकर करू नये असे म्हणणारी मुले वाढली, घरकामात हात लावणारे मुलगेही वाढले.

पण सहावी तशी उशिराच. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच वर्षांच्या मुली 'खूप हुशार' कोण, तर आपल्यातलीच कोणी, असे मुलग्यांइतक्याच म्हणत होत्या. सहा-सातव्या वर्षी ते प्रमाण घसरले. म्हणून बालवाडीपासून सुरुवात हवी. ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. त्यांनी जी माँटेसरी पद्धत इथल्या मातीत रुजवली, तिच्यात केर काढणे, पाणी ओतणे, वाढणे ही सगळ्याच मुलांची कामे. याच दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीच्या मल्लखांबावर कसरती करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दिसू लागले. चित्र बदलले, आता ते ओट्यापाशी दिसायला हवे.

तेव्हा गृहभेटीला जाल, तेव्हा तीन प्रश्न सोबत न्या. या मुलाच्या वागण्याला आपण जे नाव देतो, तेच नाव त्याच्या बहिणीला दिले असते का? या मुलीच्या स्वभावाला लागणारी जागा तिला कुठे मिळते? आणि जे मूल कोणालाच त्रास देत नाही, त्याच्याशी शेवटचे निवांत कोण बोलले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणी नाही' असे आले, तर त्या घरी पुन्हा जा, आणि लवकर जा.