शिवणीतली माया

‘आजी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी येते, पोथी येते, झोपताना सांगितलेली गोष्ट येते. शिवणाचं मशीन सहसा येत नाही. पण दुपारची भांडी आवरली की आपल्याकडच्या कितीतरी घरांतून जी खटखट सुरू व्हायची, ती मशीनचीच. आज मी त्या घरच्या शिवणाबद्दल बोलणार आहे. गेलेल्या दिवसांसाठी उसासे टाकायला नव्हे, तर नातवंडांच्या घरात त्याचा काय उपयोग राहिला आहे, ते सांगायला.

माझं माहेर इचलकरंजीचं. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे गावभर मागांचा खडखडाट झाला. ताग्याच्या शेवटी उरलेले तुकडे वजनावर मिळत. गावात कापड उदंड, आमच्या घरात पैसा बेताचा. त्यामुळे शिवण ही हौस नव्हती, संसाराचा हिशेब होता. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याने विटवला की त्याची पिशवी. आईचं लुगडं विरलं की चांगल्या भागाची दुपटी आणि लंगोट, उरलेल्याची वाकळ.

तान्ह्या बाळाला जुनं कापड द्यायचं, त्यात केवळ गरिबी नव्हती. शंभरदा धुतलेल्या सुती कापडाची खळ गेलेली असते, सूत मऊ पडलेलं असतं आणि ते पाणी चटकन टिपतं. झबल्याला बटणाऐवजी बंद असत. बटण तुटून बाळाच्या तोंडात जायची धास्ती नको, आणि बाळ अंगाने भरलं की बंद जरा सैल बांधले की झालं.

मूल वाढणार, हे धरूनच सगळं शिवलेलं असे. पहिल्या वर्षात बाळाची लांबी साधारण २५ सेंटीमीटरनी वाढते. दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत दरवर्षी ५-६ सेंटीमीटरची भर पडते. आमच्या आयांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांच्या कात्रीला ठाऊक होते. परकराच्या खाली तीन-चार बोटं दुमड ठेवायची, फ्रॉकच्या बाजूच्या शिवणीत आत इंचभर कापड राखायचं. मुलगी वाढली की उसवायचं आणि पुन्हा टीप मारायची. आत राखलेल्या या कापडाला आपल्या भाषेत किती छान शब्द आहे पाहा – माया. “शिवणीत माया ठेवलीय ना?” असं आजही आपण शिंप्याला विचारतो.

पण ही माया सगळीकडे सारखी ठेवायची नसते. बाजूच्या शिवणीत ती हवीच. गळ्याला आणि बगलेला मात्र ती छाटावी लागते, वळणावर कात्रीने बारीक कापे द्यावे लागतात. नाही दिले, तर कपडा ओढतो आणि बगलेत काचतो. माया कमी पडली तर कपडा लवकर तोकडा होतो. नको तिथे जास्त झाली तर अंगाला टोचते. आजी झाल्यापासून हा धडा मला शिवणापेक्षा घरातच जास्त उपयोगी पडला.

माझा दिवस अगदी साधा आहे. सकाळी डबे, सव्वासातला नातीची शाळेची बस, दुपारी दोन ते चार मशीन, चारनंतर पुन्हा पोरांचा गलका. नातीने कोणत्या शिबिराला जावं, मोबाइल किती वेळ पाहावा, हे मुलगा आणि सून ठरवतात. मला विचारलं तर मी एकदा सांगते, दुसऱ्यांदा नाही. ते वळण त्यांचं आहे. तिथे माझी माया मी छाटून घेते. दुखलं-खुपलं, रडू आलं, घाईच्या वेळी चेन अडकली, तिथे मात्र इंचभर जास्तच ठेवते.

आता खर्चाचं बोलू. सूनबाई म्हणते, “आई, बाजारात दीडशे-दोनशेला फ्रॉक मिळतो. कशाला डोळ्यांना ताण देता?” तिचं खरं आहे. कापड, अस्तर, चेन आणि लेस यांचा हिशेब केला तर घरचा फ्रॉक महाग पडतो. पण तो स्वस्त फ्रॉक एकदा उलटा करून पाहा. आतली कड पाव इंचावर छाटून ओव्हरलॉक केलेली असते. सोडायला काही उरलेलंच नसतं. वर्षभराने फाटका नाही, विटका नाही, फक्त आखूड, असे कपडे कपाटात साठतात. म्हणून हल्ली मी नवं कमी शिवते आणि हाताशी असलेलं टिकवते. आखूड फ्रॉकला खाली पट्टी जोडते, पँटची दुमड सोडते, दप्तराचा उसवलेला पट्टा पक्का करते. नातवंडांच्या संगणकातल्या अडचणी मला सोडवता येत नाहीत. पण घरात काही उसवलं की “आजीकडे दे” हे वाक्य ठरलेलं आहे, आणि ते ऐकून मला बरं वाटतं.

१९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. यंत्राने माणसाचे अवयव निकामी करू नयेत, ही त्यांची कसोटी. मशीनवर बसलं की ती पटते. पाय चालतो, हात कापड सरकवतो, डोळा टिपेवर असतो. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरी केलेले मास्क वापरायला सांगितलं, तेव्हा माळ्यावरची किती मशीन खाली उतरली, आठवतं? ती चालवणारे हात पुष्कळदा आजीचेच होते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सुई ओवायला मला नातवंडं लागतात. त्याचा मी एक सौदा केला आहे: जो सुई ओवून देईल, त्याने एक टाका शिकायचा. नात नऊ वर्षांची आहे. टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले की ती आधी बॉबिनकडे धावते. मी सांगते, “अगं, गुंता खाली दिसतो, पण बहुतेक वेळा बिघाड वर असतो. वरचा दोरा काढून पुन्हा ओव, ताण बघ.” आता तिचं तिला जमतं.

नातू पंधरा वर्षांचा. तो शिकायला बसला तेव्हा मुलगा हसला, “आई, याला कशाला?” मी म्हटलं, “बटणं काय फक्त मुलींचीच तुटतात?” आमच्या वेळी शाळेत शिवण मुलींना आणि सुतारकाम मुलांना असे, ती वाटणी आता पुरे. बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून खाली दोऱ्याचे चार वेढे द्यायचे, म्हणजे बटण काजात नीट बसतं आणि लवकर तुटत नाही. हे तो दोन दुपारींत शिकला. या जूनमध्ये तो अकरावीसाठी कोल्हापूरहून पुण्याला गेला, वसतिगृहात. इतक्या लवकर त्याने घर सोडावं, असं मला वाटत नव्हतं. मी एकदाच बोलले आणि त्याच्या पँटच्या दुमडी मोजायला घेतल्या. प्रत्येक पँटीत दोन इंच माया ठेवली. सोबत एक छोटा डबा दिला: दोन सुया, काळा आणि पांढरा दोरा, चार बटणं, छोटी कात्री. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. खोलीतल्या तिघांची बटणं त्याने लावून दिली होती. वाढलेल्या उंचीसाठी पँटची दुमड कशी सोडायची, तेही त्याने विचारून घेतलं.

तेव्हा आजी-आजोबांनो, मशीनवरची चादर काढा. तेलाचे चार थेंब द्या, जाड कापडाला १६ नंबरची आणि पातळ कापडाला ११ नंबरची सुई लावा, आणि नात असो वा नातू, शेजारी बसवून घ्या. आपण शिवलेला कपडा त्यांना दोन वर्षं पुरेल. उसवलेलं नीट करता येतं हा विश्वास मात्र पुष्कळ वर्षं पुरतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)