वार खाली आहे म्हणजे काय?

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर 'लो लाईंग प्लासेंटा' असं लिहून येतं. संध्याकाळपर्यंत सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं, हिची वार खाली आहे. मग 'खाटेवरून उतरू नको' आणि 'आता सिझरच' हे सुरू होतं. पडून राहिल्याने वार वर जात नाही, बरं का.

वार गर्भाशयाला चिकटलेली असते, पण गर्भाशय वाढत असतं. अर्धवट फुगवलेल्या फुग्याच्या तोंडाजवळ टिकली लावा आणि फुगा आणखी फुगवा. टिकली तोंडापासून लांब गेलेली दिसेल. दहांतल्या साधारण नऊ जणींचं असंच होतं. म्हणून ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करायची, गरज पडली तर ३६व्याला. ती कधी आतून करतात. लाजू नका, ती सुरक्षित असते आणि अंतर तिच्यातच नीट मोजता येतं. वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून २ सेंटिमीटरहून लांब असेल तर नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. तोंडच झाकलेलं असेल तर मात्र सिझर. बाळाची वाटच अडलेली असते, तिथे हट्ट नको.

आता धोक्याचं. अंगावरून लालभडक रक्त जातं आणि पोटात जराही दुखत नाही. आपण बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. इथे तर दुखतही नाही, म्हणून मासळीची पाटी उचलून बाजाराला निघतो. तसं करू नका. थोडंसं जाऊन थांबलं तरी १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. गेल्या गेल्या 'माझी वार खाली आहे' हे सांगायचं, म्हणजे बोटाने आतून तपासणार नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, इंजेक्शन लागू शकतं.

आपल्या मुरुडपासून अलिबागचं जिल्हा रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर, आणि काशीद-रेवदंड्याचा वळणांचा रस्ता. कुणाचं माहेर तर राजपुरीच्या खाडीपलीकडे, दिघीला. वार शेवटपर्यंत खालीच राहिली तर माहेरपण नंतर करा. शेवटचा महिना, जिथे सिझर होतं आणि रक्त मिळतं अशा दवाखान्याजवळ काढा. रक्त द्यायला तयार असलेल्या दोघातिघांना आधीच सांगून ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. येताना सगळे रिपोर्ट आणा. आधी सिझर झालं असेल तर न विचारताही सांगा. त्या जुन्या व्रणावर वार खोल रुजलेली असू शकते, आणि ते डॉक्टरांना आधी पाहून ठेवावं लागतं.