यंत्र शाळेत आलं, आता कल्याणमित्र हवा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



शाळेतल्या शिक्षकांना नवीन तंत्रज्ञान वर्गात वापरायला मदत करतील असे मार्गदर्शक कसे तयार करावेत, हा विषय समितीने मला दिला आहे. काहींना वाटेल, हा शिक्षण खात्याचा विषय, तो विहारात कशाला? पण आपल्या वस्तीतली पुष्कळ मुलं महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात. त्या शाळांत टीव्ही आला, प्रोजेक्टर आला, पुस्तकावर क्यूआर कोड आला. त्याचा उपयोग झाला की नाही, हे आपल्याच पोरांच्या आयुष्यात दिसणार आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

सोलापूरला शिक्षणाचं नातं नवं नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेचं विद्यार्थी वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात. शाळा तर तेव्हाही होत्या. पण खेड्यातून आलेल्या आपल्या मुलाला राहायला जागा नव्हती, जेवायची सोय नव्हती, अभ्यासाकडे लक्ष देणारं माणूस नव्हतं. दार उघडं असून भागत नाही, आत नेऊन बसवणारं कोणी तरी लागतं, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही हेच दिसतं. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मुंबईच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा पाहिला, त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. पुस्तक मुंबईत विकतही मिळत होतं. पण मुलाकडे आधी नीट पाहणारा आणि मग योग्य वेळी योग्य पुस्तक देणारा माणूस विकत मिळत नव्हता.

अशा माणसाला आपल्या धम्मात कल्याणमित्र म्हणतात. कल्याणमैत्री म्हणजे ब्रह्मचर्याचा अर्धा भाग, असं आनंद एकदा भगवंतांना म्हणाले, तेव्हा अर्धा नव्हे, संपूर्ण, असं भगवंतांनी त्यांना समजावलं. ही गोष्ट आपण इथे पुष्कळदा ऐकली आहे. आज ती शाळेला लावून पाहू.

शिक्षकालाही शिक्षक लागतो. सावित्रीमाईंना आधी जोतीरावांनी शिकवलं, मग त्यांचं अध्यापनाचं रीतसर शिक्षण झालं आणि तेव्हा कुठे त्या मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. आज आपण शिक्षकाच्या हातात टॅब देतो आणि दोन दिवसांचं शिबिर घेऊन म्हणतो, गुरुजी, उद्यापासून करा. हे कसं जमावं?

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले. शाळेच्या इमारतीची तेव्हा दैना होती. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवायचा, मोबाईलने तो वाचला की त्या धड्याचा व्हिडिओ, कविता, प्रश्न समोर यावेत, ही त्यांची कल्पना. त्यांनी ती आधी आपल्या शाळेत करून दाखवली. २०१७ साली राज्य सरकारने ती सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी घेतली आणि पुढच्या वर्षी एनसीईआरटीनेही तसं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० रोजी गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूरकरांची मान उंच झाली.

आता जरा बारकाईनं पाहा. छापखान्याने क्यूआर कोड गावोगावच्या पुस्तकावर पोचवला. पण तो कोड तासाच्या कोणत्या मिनिटाला उघडायचा, उघडण्याआधी मुलांना काय विचारायचं, दोन मिनिटांनी व्हिडिओ कुठे थांबवायचा, ही जाण छापता येत नाही. ती माणसाकडून माणसाकडेच जाते. परितेवाडीत कोडच्या मागे गुरुजी उभे होते. बाकीच्या हजारो शाळांत कोडच्या मागे कोण उभं आहे?

आपल्याकडे प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. पुष्कळ शिक्षकांनी एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मिळवलं. त्यातून संगणक चालवता आला, पण चौथीच्या वर्गात भागाकार शिकवताना त्याचं काय करायचं, हा त्या अभ्यासक्रमाचा विषयच नव्हता. पुढे 'तंत्रस्नेही शिक्षक' तयार झाले, लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे दिले. २०१९ साली केंद्र सरकारने 'निष्ठा' हा कार्यक्रम आणला. सुमारे ४२ लाख शिक्षक आणि शाळाप्रमुखांपर्यंत तो न्यायचा होता. आधी राज्याची माणसं शिकणार, मग ती शिक्षकांना शिकवणार. म्हणजे उतरंडच. वरच्या मडक्यात ओतलेलं पाणी तळाच्या मडक्यात किती पोचतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

२०२० साली कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा हे उघड झालं. घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर जाणारा. काही शिक्षकांनी मुलांच्या गल्लीत जाऊन ओट्यावर वर्ग भरवले, फोनवर गोष्टी ऐकवल्या. काहींनी व्हिडिओच्या लिंका पाठवल्या आणि शाळा भरली असं धरून चालले. फोन दोघांकडे सारखाच होता. फरक पडला तो शिकवण्याच्या जाणिवेने.

मग मार्गदर्शकाने करायचं काय? एक साधा पाठ घेऊ. इयत्ता पाचवी, विषय पाणी. गुरुजी टीव्हीवर कुठल्या तरी धरणाचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ लावतात. मुलं गप्प बसतात, वर्ग शांत दिसतो. मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून हे पाहतो. तास संपल्यावर तो 'चुकलं' म्हणत नाही. तो विचारतो, "गुरुजी, आज मुलांनी स्वतः काय केलं?" मग दोघे मिळून दुसरा पाठ आखतात. आधी मुलांना प्रश्न : आपल्या नळाला पाणी काही दिवसांआड का येतं? ते येतं कुठून? मुलं वहीत अंदाजाने चित्र काढतात. मग गुरुजींच्या एकाच फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडायचा. भीमा नदी शोधायची, उजनी धरण शोधायचं, तिथून सोलापूरपर्यंतचं अंतर मोजायचं. एवढ्या लांबून पाणी आणायला काय काय लागत असेल? घरी जाऊन आजीला विचारून यायचं, तिच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे आणि कोणाला कुठे भरू देत नसत. १९२७ चं महाड त्या मुलाला तिथे आपोआप भेटेल. या पाठात यंत्र दहाच मिनिटं वापरलं, पण ते प्रश्नाच्या मागून आलं. म्हणून कामाला आलं.

असा मार्गदर्शक घडवायचा कसा? इथे विनयपिटक आपल्याला वाट दाखवतं. सुरुवातीला नव्या भिक्खूंना सांभाळणारं कोणी नव्हतं. त्यांचं वागणं-बोलणं, भिक्षेला जाणं नीट होईना, लोक नावं ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी उपाध्याय नेमण्याची रीत घालून दिली. नव्या भिक्खूने किमान पाच वर्षं आश्रयाने राहायचं. उपाध्यायाला उपसंपदेची दहा वर्षं पूर्ण हवीत. पण नुसती दहा वर्षं भरलेले अजाण लोकही शिष्य करू लागले, तेव्हा तो जाणता आणि समर्थही असावा, अशी अट घातली गेली. उपाध्यायाने शिष्याला मुलासारखं पाहायचं, शिष्याने त्याला पित्यासारखं. आणि उपाध्यायाची समजूत चुकत असेल तर ती दूर करणं हे शिष्याचं कर्तव्य.

यातून चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली, सेवाज्येष्ठतेने मार्गदर्शक नेमू नये आणि नुसता मोबाईलमध्ये हुशार आहे म्हणूनही नेमू नये. ज्याचा स्वतःचा वर्ग चांगला चालतो तो निवडावा.

दुसरी, त्याला आधी पाहायला शिकवावं. एक पूर्ण तास मागे बसून मुलं काय करतात ते लिहायचं, यंत्राला हात लावायचा नाही. मग त्याच शिक्षकाच्या वर्गात, त्याच मुलांपुढे स्वतः पाठ घेऊन दाखवायचा. पुढचा पाठ दोघांनी मिळून घ्यायचा. त्यानंतर शिक्षक एकटा घेईल, मार्गदर्शक मागे बसेल. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं. हे सगळं मार्गदर्शकाने आधी आपसात करून पाहावं, तेच त्याचं खरं प्रशिक्षण.

तिसरी, मार्गदर्शक हा साहेब नव्हे. त्याची टिपणं वरच्या कचेरीत गेली, की शिक्षक मन उघडं करणार नाही. तपासणी वेगळी, सोबत वेगळी. आणि शिकणं दोन्ही बाजूंनी व्हावं. नव्या बाईंना फोन कळतो, जुन्या गुरुजींना पोरं कळतात. दोघांनी एकमेकांना द्यावं.

चौथी, भाषा. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या आहेत. भगवंतांचा उपदेश छंदस भाषेत बांधावा, असं दोन भिक्खूंनी सुचवलं तेव्हा भगवंतांनी नकार दिला. धम्म ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावा, असं सांगितलं. तेव्हा तेलुगू माध्यमाच्या शिक्षिकेला तेलुगू जाणणारा सोबती मिळाला पाहिजे.

एक इशाराही देतो. २०१८ साली क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या अमेरिकेतल्या तिघा अभ्यासकांनी, वर्गातल्या अशा सोबतीविषयी झालेले ६० अभ्यास एकत्र तपासले. सोबतीमुळे शिकवणं सुधारतं आणि मुलांचं शिकणंही, असं त्यांना दिसलं. पण कार्यक्रम फार मोठा केला की गुण कमी होत जातो, हेही दिसलं. आपल्या देशात २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांना मार्गदर्शक देण्याची राष्ट्रीय मोहीम निघाली. २०२२ मध्ये ती केवळ ३० शाळांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, हे बरं झालं. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकांच्या वाचनाला लागणारा वेळ थोडा कमी करून एका पाठाची चर्चा झाली, तरी सुरुवात होईल. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. यंत्र विचारलं ते उत्तर देतं, कधी खोटंही ठामपणे सांगतं. अशा वेळी कालामांना दिलेला उपदेश, म्हणजे कोणी सांगितलं म्हणून न मानता पारखून घेणं, शिक्षकाला आणि मुलांनाही रोज लागणार आहे.

शेवटी आपल्या वाट्याचं काम. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या महिला. माझ्या भगिनींनो, विडी वळून, चार घरची कामं करून तुम्ही मुलं शिकवता. समितीच्या बैठकीला जा. "शाळेत टीव्ही आहे का?" एवढं विचारून परत येऊ नका. विचारा, "टीव्ही लावल्यावर आमच्या बाईंना मदत करायला कोण येतं? महिन्यातून किती वेळा येतं?" हा प्रश्न प्रत्येक शाळेत विचारला गेला, तर त्याचं उत्तर द्यावं लागेल.

विहार समितीलाही विनंती. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, संगणक शिकलेल्या मुली आहेत, अभियंते आहेत. महिन्यातला एक रविवार या सभागृहात परिसरातल्या शिक्षकांसाठी ठेवू. सत्कार नको, हारतुरे नकोत. चहा, एक फोन, एक फळा आणि एक पाठ एवढं पुरे. निवृत्त गुरुजींनी वर्ग कसा चालतो ते मुलींना सांगावं, मुलींनी यंत्र कसं चालतं ते गुरुजींना. दोघे तयार झाले, की मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका शाळेपासून सुरुवात करू. एका शाळेत जमलं तर दुसरीत जाऊ.

बाबासाहेबांच्या 'शिका' या शब्दात शिकवणाऱ्याचं शिकणंही येतं. आपल्या मुलांच्या शिक्षकाला एकटं सोडू नका, एवढंच आज तुम्हाला मागतो.

नमो बुद्धाय! जयभीम!