खतावणीतून संगणकात

ग्रामीण सहकारी बँकांच्या कोअर बँकिंगविषयीची चर्चा बहुधा ‘लाइन नाही’ आणि ‘सर्व्हर बंद आहे’ या दोन तक्रारींपाशी थांबते, आणि संचालक मंडळेही नव्या जोडणीची निविदा काढली की आपले कर्तव्य संपले असे मानतात. परंतु लाइन सुरळीत चालू असतानाही जो दोष तसाच राहतो तो संगणकाचा नसून, पहिल्या दिवशी त्यात भरलेल्या नोंदींचा आहे.

महाराष्ट्रातील 31 जिल्हा मध्यवर्ती बँका पीककर्ज मुख्यतः गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत देतात. बँक सोसायटीला कर्ज देते आणि सोसायटी सभासदाला, त्यामुळे सभासदाच्या मुद्दलाची मूळ नोंद सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्या गटसचिवाच्या खतावणीत असते. बँकेची सर्व खाती एका मध्यवर्ती संगणकावर नेताना जुन्या वहीतील जी रक्कम नव्या खात्यात प्रथम मांडली जाते, तिला आरंभीची शिल्लक म्हणतात. ती मांडल्यावर तेरीज जुळली, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा बेरजा सारख्या आल्या, की काम बरोबर झाले असे समजण्यात येते. वास्तविक एका सभासदाचे 5,000 रुपये दुसऱ्याच्या खात्यावर गेले तरी बेरीज बिघडत नाही. आणि जी रक्कम कोठेच बसत नाही ती उचंत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात, टाकून वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढता येते.

घरातील विरजणाची रीत येथे लागू पडते. आजच्या दह्यातला चमचाभर भाग उद्याच्या दुधाला लागतो, म्हणून विरजण एकदा बिघडले की दूध कितीही ताजे घेतले आणि भांडे कितीही लख्ख घासले तरी दही बिघडलेलेच लागते. बँकेतही आजची अखेरची शिल्लक हीच उद्याची आरंभीची शिल्लक असते. नवे सॉफ्टवेअर हे नवे भांडे आहे. भांड्यावर खर्च करणाऱ्यांनी विरजण चाखून पाहिले नाही, आणि जिच्या घरचे दूध होते त्या गृहिणीला, म्हणजे खातेदाराला, तर कोणी विचारलेच नाही.

नावांचे तसेच झाले. देवनागरी वह्यांतील नावे रोमन लिपीत उतरवताना ‘काळे’ आणि ‘काले’ एकाच रूपात आले, कोठे वडिलांचे नाव गळले, कोठे एकाच सभासदाची दोन ग्राहक क्रमांकांखाली दोन खाती झाली. 2017 च्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीत बँकांनी पाठवलेली माहिती शेतकऱ्यांच्या अर्जांशी अनेक ठिकाणी जुळली नाही आणि याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, त्याचे एक मूळ येथे सापडते. त्या वेळी दोष अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी मारला गेला, ते न्यायाचे नव्हते.

व्याजाची बाब अधिक नाजूक आहे. पीककर्जाच्या चालू व्याजावर चक्रवाढ लावायची नसते आणि मुदतीत फेड करणाऱ्यास सवलत मिळते. पण त्यासाठी कर्ज उचलल्याची तारीख अचूक हवी, आणि ती तारीखही त्या पहिल्या नोंदीतूनच येते. ती चुकली तर संगणक चुकीच्या तारखेवरून बिनचूक गणित करतो आणि वेळेवर फेडणारा सभासद थकबाकीदार ठरतो. म्हणून पुन्हा तेच सांगणे भाग आहे की, पहिली नोंद खातेदाराने स्वतः वाचून मान्य केलेली असली पाहिजे.

सुरक्षिततेचा प्रश्नही लहान नाही. 31 जुलै 2024 च्या सुमारास छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा तिला देयक-यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले आणि सुमारे 300 बँकांचे व्यवहार अडले; परंतु बाहेरच्या सेवेवरील या अवलंबनाचा विचार उरलेल्या मिनिटांत मावणारा नाही.

अधिक निकडीची गोष्ट अशी की, केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे गावच्या अशाच सोसायट्यांच्या, संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली, आणि त्यामुळे आता सोसायटीची खतावणीच संगणकात जात आहे. जिल्हा बँकांत झालेली चूक गावोगाव पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर नोंदी कायम करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाचे नाव, मुद्दल, उचल तारीख आणि व्याज यांची यादी सोसायटीच्या फलकावर लावण्याऐवजी, कारण इतरांचे कर्ज चव्हाट्यावर आणणे योग्य नव्हे, ज्याचा उतारा त्याच्या हाती देऊन त्याची सही घ्यावी, आणि वाचता न येणाऱ्यास गटसचिवाने तो सावकाश वाचून दाखवावा. ज्या संचालकांना यासाठी वेळ नाही त्यांनी निविदांसाठी तो कोठून काढला, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारावे. आणि प्रत्येक श्रोत्याने 31 मार्चची वाट न पाहता सोसायटीचा उतारा व बँकेचा उतारा असे दोन्ही मागून घ्यावेत, शेजारी ठेवून ताडून पाहावेत, आणि फरक आढळल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.